कुरू ते अल्झायमर: प्रथिनाच्या बिघडलेल्या घडीचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे पेशीतली प्रथिनं आणि मेंदूचे आजार. पण सुरुवात आपण प्रयोगशाळेतून करणार नाही. पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखात ओकापा नावाचं एक ठाणं आहे, त्याच्या आसपासच्या गावांतून करणार आहोत. मेंदूतलं प्रथिन बिघडतं म्हणजे नेमकं काय होतं, हे जगाला उमगायला लागलं ते तिथल्या फोरे लोकांच्या दुःखातून.

अल्झायमर, पार्किन्सन हे शब्द आज आपल्या घराघरांत पोचले आहेत. या आजारांबद्दल सांगताना डॉक्टर 'प्रथिनांच्या गुठळ्या' असं म्हणतात आणि आपण मान डोलावतो. ही कल्पना आली कुठून, ती पटायला इतकी वर्षं का लागली आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे तीन प्रश्न आज आपल्यासमोर आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या इतिहासात उत्तर पुढे सरकलं ते बहुतेक वेळा एका साध्या प्रश्नामुळे: आजार कोणाला होतो आणि कोणाला होत नाही? ज्यांनी हा प्रश्न नीट विचारला ते पुढे गेले. ज्यांच्याकडे उत्तर आधीच तयार होतं ते अडकून पडले.

थरथरणाऱ्या बायका

1950 च्या दशकात हा मुलूख ऑस्ट्रेलियाच्या प्रशासनाखाली होता. सरकारी गस्तीची पथकं तिथे नियमित जायला लागली ती दुसऱ्या महायुद्धानंतरच. व्हिन्सेंट झिगास हे तिथले सरकारी डॉक्टर. त्यांनी या भागातले विचित्र रुग्ण पाहिले होते. मार्च 1957 मध्ये कार्लटन गायडुसेक हे अमेरिकन डॉक्टर तिथे आले आणि दोघांनी मिळून गावोगाव हिंडून रुग्ण तपासायला सुरुवात केली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्यांचा पहिला निबंध अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

आजाराचं चित्र असं होतं. आधी चालताना तोल जायचा. मग हात, पाय, मान थरथरू लागायची. फोरे भाषेत 'कुरू' म्हणजे थरथर. पुढे काठीशिवाय चालवायचं नाही, मग बसवायचं नाही, शेवटी घास गिळवायचा नाही. ताप नाही, शरीरात जंतूशी लढाई चालू असल्याची कुठलीही खूण नाही. बहुतेक जण वर्षभरात जायचे. आपल्याला काय होतंय हे रुग्णाला बरंचसं कळत असायचं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. काहींना मधेच अनावर हसू यायचं, तेवढं उचलून बाहेरच्या वर्तमानपत्रांनी 'हसता मृत्यू' असं चटपटीत नाव देऊन टाकलं.

साथीच्या शिखरावर वर्षाला सुमारे 200 माणसं जात होती. 1957 नंतर नोंदले गेलेले एकूण मृत्यू 2,500 हून अधिक आहेत. फोरे आणि त्यांच्या शेजारच्या जमातींची सगळी वस्तीच लहान, हे लक्षात घेतलं की या आकड्यांचं वजन कळतं. आणि मरत कोण होतं? मुख्यतः बायका. त्यांच्या खालोखाल लहान मुलं, मुलगे आणि मुली दोन्ही. मोठे पुरुष क्वचितच. काही गावांत पुरुषांची संख्या बायकांच्या दुपटीहून जास्त झाली होती. तान्ही मुलं बापांच्या अंगावर पडली. आपली जमातच संपणार, ही भीती लोक उघड बोलून दाखवत होते.

फोरे लोकांचं स्वतःचं स्पष्टीकरण होतं: हे चेटूक आहे. कोणीतरी आपलं उष्टं अन्न, केस किंवा कपड्याचा तुकडा चोरतो, मंत्र घालून त्याची पुरचुंडी बांधतो आणि दलदलीत पुरतो. पुरचुंडी कुजत जाते तसतसं माणूस झिजतं. 1962-63 च्या सुमारास त्यांनी मोठमोठ्या सभा भरवल्या. तिथे चेटूक करणाऱ्यांना सगळ्यांसमोर विनवण्यात आलं, की हे थांबवा, आमच्या बायका संपत चालल्या आहेत. आपण याला अंधश्रद्धा म्हणून हसू शकतो. पण लोक आपल्या परीनं साथ आवरायला धडपडत होते, एवढं मान्य करायला हवं. बाहेरच्या विज्ञानाकडेही त्या घडीला याहून चांगलं उत्तर नव्हतं.

डॉक्टरांनी अन्न तपासलं, विषारी धातू शोधले, जंतू शोधले. हाती काही लागलं नाही. मग आजार घराण्यांतून दिसतोय म्हणून 1959 च्या सुमारास 'कुरूचं जनुक' ही कल्पना पुढे आली. त्याचे परिणाम कागदापुरते नव्हते. असं जनुक बाहेर पसरू नये म्हणून फोरे लोकांना मुलूख सोडून जाऊ देऊ नये, इथपर्यंत चर्चा गेली. पण या कल्पनेत एक मोठी अडचण होती. मुलंबाळं व्हायच्या आधीच किंवा ऐन तारुण्यात माणसाला मारणारं जनुक एवढ्या मोठ्या प्रमाणावर टिकेलच कसं?

वंशावळी विचारणारे दोघे

1961 मध्ये रॉबर्ट ग्लास आणि शर्ली ग्लास हे मानववंशशास्त्रज्ञ जोडपं फोरे गावांत राहायला आलं. शर्ली पुढे लिंडेनबॉम या नावानं प्रसिद्ध झाल्या. त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता. त्यांनी म्हाताऱ्या माणसांजवळ बसून नात्यागोत्याच्या वंशावळी काढल्या आणि विचारलं: तुमच्या गावात पहिला कुरू कोणाला झाला? कधी?

उत्तर सगळा विचार उलटा करणारं होतं. आजार जुना नव्हताच. गावोगावच्या पहिल्या रुग्णांची नावं लोकांना आठवत होती. तो उत्तरेकडून आला होता आणि दक्षिणेकडच्या गावांत पोचून जेमतेम तीसचाळीस वर्षं झाली होती. जनुक असं डोंगर ओलांडत गावागणिक चालत येत नाही.

दुसरी गोष्ट मृत्यूनंतरच्या विधीची. फोरे लोकांत मेलेल्या नातेवाइकाचं शरीर खाण्याची प्रथा होती. आपल्याला ऐकायला हे जड जातं, म्हणून त्यांची बाजू आधी समजून घेऊ. शत्रूला मारून खाणं हा प्रकार हा नव्हे. आपल्या माणसाला मातीतल्या किड्यांनी खाण्यापेक्षा त्याच्यावर माया करणाऱ्यांच्या देहात त्याला जागा मिळावी, असा तो भाव होता. ही प्रथासुद्धा त्यांच्याकडे फार जुनी नव्हती, काही पिढ्यांपूर्वी उत्तरेकडूनच आलेली. आणि त्यात भाग घेत त्या मुख्यतः बायका. त्यांच्या जवळ असलेली लहान मुलंही खात. मुलगा सहाआठ वर्षांचा झाला की पुरुषांच्या वेगळ्या घरात राहायला जाई, आणि पुरुष हे सहसा टाळत.

आता ही यादी आणि कुरूच्या रुग्णांची यादी शेजारी शेजारी ठेवून बघा. बायका, मुली, लहान मुलगे. मोठे पुरुष क्वचित. याद्या जुळतात. 1950 च्या दशकात ऑस्ट्रेलियन प्रशासनानं ही प्रथा बंद पाडली आणि 1960 पर्यंत ती जवळजवळ थांबली. त्यानंतर काय झालं ते मायकेल अल्पर्स या तरुण ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी टिपलं. आधी अगदी लहान मुलांमधला कुरू दिसेनासा झाला. मग दरवर्षी सगळ्यात लहान रुग्णाचं वय वाढतच गेलं. प्रथा थांबल्यानंतर जन्मलेल्या कोणालाही कुरू झाला नाही. 1968 मध्ये ग्लास पतीपत्नी आणि जॉन मॅथ्यूज यांनी मिळून हा संबंध 'लॅन्सेट'मध्ये मांडला.

मेंढ्या आणि दोन चिंपांझी

आता आपल्याला इंग्लंडला जायचं आहे, कारण उत्तराचा दुसरा तुकडा तिथे होता आणि तो मेंढ्यांच्या डॉक्टरांकडे होता. मेंढ्यांना स्क्रेपी नावाचा आजार होतो. मेंढी कुंपणाला अंग घासत राहते, लोकर झडते, तोल जातो आणि शेवटी ती मरते. युरोपातल्या मेंढपाळांना हा दोनेकशे वर्षं माहीत होता. 1936 मध्ये क्युये आणि शेल या दोन फ्रेंच पशुवैद्यांनी दाखवलं की हा आजार टोचून एका मेंढीतून दुसरीत नेता येतो, फक्त वर्ष-दोन वर्षं वाट बघावी लागते.

1959 मध्ये लंडनच्या वेलकम वैद्यकीय संग्रहालयात कुरूवरचं एक प्रदर्शन लागलं होतं. विल्यम हॅडलो हे इंग्लंडमध्ये स्क्रेपीवर काम करणारे अमेरिकन पशुवैद्य ते बघायला गेले. कुरूनं मेलेल्या माणसांच्या मेंदूचे फोटो बघून ते थबकले. चेतापेशींमध्ये पडलेली ती बारीक भोकं त्यांनी रोज मेंढ्यांच्या मेंदूत पाहिलेली होती. त्यांनी त्या सप्टेंबरमध्ये 'लॅन्सेट'ला पत्र लिहिलं: हे दोन आजार एकाच कुळातले दिसतात, तर कुरूचा मेंदू माकडाला टोचा आणि लांबपर्यंत वाट बघा. माणसांच्या डॉक्टरांना वर्षानुवर्षं न सुचलेली गोष्ट एका पशुवैद्याच्या नजरेनं ओळखली.

ते करायला मेंदूचे ताजे नमुने हवे होते. अल्पर्स गावात राहून लोकांशी ओळख वाढवत होते. आपली मुलगी गमावलेल्या एका कुटुंबानं शवविच्छेदनाला होकार दिला. असे नमुने गोठवून अमेरिकेला गेले आणि 1963 मध्ये डेझी आणि जॉर्जेट या दोन चिंपांझींना टोचण्यात आले. जवळपास दोन वर्षं काहीच झालं नाही. 1965 मध्ये जॉर्जेटचा तोल जाऊ लागला, मग डेझीचा. लंडनमधल्या एलिझाबेथ बेक यांनी चिंपांझीचा मेंदू तपासला, तो कुरूच्या रुग्णाच्या मेंदूसारखाच निघाला. गायडुसेक, गिब्ज आणि अल्पर्स यांचा निबंध 1966 मध्ये 'नेचर'मध्ये आला. 1968 मध्ये क्रॉइट्सफेल्ट-याकोब हा जगभर तुरळक दिसणारा मेंदूचा आजारही असाच टोचून पसरतो हे सिद्ध झालं.

गायडुसेक यांना 1976 चं नोबेल मिळालं. त्यांच्या नावाला दुसरी बाजूही आहे. 1997 मध्ये अमेरिकेत त्यांनी बाललैंगिक अत्याचाराचा गुन्हा कबूल केला आणि तुरुंगवास भोगला. कामाचं मोल सांगताना हे गाळलं तर इतिहास अर्धा राहील.

विरजण की खडीसाखर?

इथपर्यंत एवढं ठरलं की काहीतरी संसर्गजन्य आहे. पण काय? गायडुसेक म्हणाले, हा 'संथ विषाणू'. आपल्याला हा वाद घरातल्या दोन गोष्टींवरून समजून घेता येईल. चमचाभर विरजणानं पातेलंभर दूध विरजतं, कारण विरजणात जिवाणू असतात. ते जिवंत असतात, त्यांना जनुकं असतात, ते वाढतात. संसर्ग म्हणजे विरजण, अशीच सगळ्यांची समजूत होती. पण खडीसाखर कशी करतात ते आठवा. दाट पाकात दोरा सोडतात आणि त्यावर आधी एखादा खडा धरतो. मग पाकातली साखर त्या खड्याच्या आकारात येऊन चिकटत जाते. तिथे जिवंत काही नाही. एक आकार आहे, आणि तो शेजारच्या साखरेला आपल्यासारखं करतो. कुरू आणि स्क्रेपी विरजणासारखे असतील, की खडीसाखरेसारखे?

संशय यायला जागा होती. 1930 च्या दशकात ब्रिटनमध्ये मेंढ्यांच्या एका वेगळ्या रोगाची लस टोचली गेली. ती लस मेंढ्यांच्या मेंदूपासून बनवून फॉर्मालिननं निर्धोक केलेली होती. तरीही नंतर टोचलेल्या कळपांत स्क्रेपी उद्भवला. विषाणू मारणारं फॉर्मालिन या घटकाला मारू शकलं नव्हतं.

मग लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या टिकव्हा आल्पर पुढे आल्या. या दक्षिण आफ्रिकेच्या पदार्थवैज्ञानिक. वर्णभेदाला विरोध केल्यामुळे मायदेश सोडून ब्रिटनला आलेल्या. त्यांनी स्क्रेपीच्या नमुन्यांवर किरणांचा मारा केला. अतिनील किरणांनी जनुकांचं द्रव्य, म्हणजे डीएनए किंवा आरएनए, मोडतं आणि विषाणू निकामी होतो. स्क्रेपीला त्याचं काही वाटलं नाही. 1967 मध्ये त्यांच्या गटानं 'नेचर'मध्ये प्रश्न मांडला: हा घटक जनुकद्रव्याशिवायच वाढत असेल का? त्याच वर्षी जे. एस. ग्रिफिथ या गणिती माणसानं कागदावर मांडून दाखवलं की नुसत्या प्रथिनानं हे घडू शकतं. प्रथिनाचं एक वेगळं रूप आपल्याच नेहमीच्या रूपाला आपल्यासारखं करून घेईल. शिवाय, असं निघालं तरी जीवशास्त्राचा पाया कोसळणार नाही, असा धीरही त्यांनी दिला.

धीर द्यावा लागला, कारण भीती खरी होती. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. पण माळ तशीच पडून राहत नाही. पेशीत ती दुमडून विशिष्ट घडी घेते आणि त्या घडीवरच तिचं काम ठरतं. कापड तेच, पण फेटा नीट बांधला तर डोक्यावर शोभतो आणि कसाही गुंडाळला तर नुसता बोळा होतो, तसं. क्रिश्चन अँफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज नावाच्या प्रथिनाची घडी मोडली आणि दाखवलं की अनुकूल परिस्थितीत ते आपोआप पुन्हा तीच घडी घेतं. यातून शिकवण रुजली, की माळेचा क्रम ठरला की घडी ठरली. 1972 चं नोबेल या कामाला मिळालं. दुसरी शिकवण, वारशाची माहिती जनुकांतून प्रथिनांकडे जाते, प्रथिनातून प्रथिनाकडे नाही. खडीसाखरेची कल्पना या दोन्ही शिकवणींना धक्का देत होती.

स्टॅनली प्रुसिनर 1972 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मेंदूविकारांचं शिक्षण घेत होते, तेव्हा त्यांच्याकडे क्रॉइट्सफेल्ट-याकोबची एक रुग्ण आली आणि दगावली. ते या प्रश्नाला चिकटले ते कायमचे. उंदरांऐवजी आजार लवकर दाखवणारे हॅमस्टर वापरून त्यांनी स्क्रेपीचा घटक शुद्ध करत नेला. दर वेळी हाती प्रथिन येई. 1982 मध्ये त्यांनी 'सायन्स'मध्ये निबंध लिहून याला 'प्रियॉन' हे नाव दिलं. बरेच शास्त्रज्ञ भडकले. विषाणू सापडेलच, फक्त वेळ लागेल, असं ते म्हणत राहिले. तो सापडला नाही.

1985 मध्ये जे सापडलं ते जास्त चकित करणारं होतं. या प्रथिनाचं जनुक रोग्याच्या स्वतःच्या पेशीतच असतं. निरोगी प्राण्यातही. आत्ता हे ऐकणाऱ्या तुमच्याआमच्या प्रत्येकाच्या चेतापेशींवर हे प्रथिन आहे. फरक फक्त घडीचा. निरोगी रूपात त्याचा मोठा भाग स्प्रिंगसारख्या वेटोळ्यांचा असतो. रोगट रूपात सपाट पट्ट्या वाढतात, त्या एकमेकींना चिकटतात आणि त्यांचे न विरघळणारे धागे बनतात. धागा लांबतो, तुटतो आणि प्रत्येक तुकडा नवा खडा होतो. मग निर्णायक प्रयोग झाला. झुरिकमध्ये चार्ल्स वाइसमन यांच्या गटानं हे जनुकच नसलेले उंदीर तयार केले. त्यांना स्क्रेपी टोचला आणि 1993 मध्ये जाहीर केलं की हे उंदीर आजारी पडत नाहीत. पाकच नाही, तर खडा वाढणार कशावर? प्रुसिनर यांना 1997 चं नोबेल मिळालं.

सुधारलेल्यांची पंगत

हे सगळं दूरच्या आदिवासींचं, असं ज्यांना वाटत होतं त्यांना दोन मोठे धडे मिळाले. पहिला धडा औषधाचा. उंची न वाढणाऱ्या मुलांना वाढीचं संप्रेरक देत, आणि ते मृत माणसांच्या मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीतून काढलेलं असे. हजारो ग्रंथी एकत्र करून ते बनवत. अशी इंजेक्शनं घेतलेली तरुण मुलं क्रॉइट्सफेल्ट-याकोबनं मरत आहेत हे लक्षात आल्यावर 1985 मध्ये अमेरिकेत ते थांबवलं गेलं.

दुसरा धडा गाईंचा. 1986 मध्ये ब्रिटनमध्ये गाई लडखडून पडू लागल्या. मेलेल्या जनावरांचं मांस आणि हाडं यांची पूड करून ती जास्त दुधासाठी गाईंच्या खाद्यात घालत होते. म्हणजे गाईंना गाईच खायला घालत होते. 1988 मध्ये या खाद्यावर बंदी आली. पण गोमांस माणसाला निर्धोक आहे, असं सरकार सांगत राहिलं. 1990 मध्ये कृषिमंत्री जॉन गमर कॅमेऱ्यांसमोर आपल्या चिमुकल्या मुलीला बर्गर भरवायला निघाले. 20 मार्च 1996 ला त्याच सरकारला संसदेत सांगावं लागलं की माणसांत, तेही तरुणांत, दिसलेला नवा क्रॉइट्सफेल्ट-याकोब बहुधा गाईंमधूनच आला आहे. 1,80,000 हून अधिक गाईंमध्ये रोग सिद्ध झाला. ब्रिटनमध्ये 178 माणसं गेली. फोरे बायकांनी आपल्या माणसाच्या मायेपोटी जे केलं, तेच इथे खाद्याच्या खर्चापोटी केलं गेलं. रानटी कोणाला म्हणायचं ते आपलं आपण ठरवावं.

आपल्या घरातले आजार

अलॉइस अल्झायमर यांनी 1906 मध्येच आपल्या एका मृत रुग्णाच्या मेंदूत गुठळ्या आणि पेशींत अडकलेले धाग्यांचे गुंते दाखवले होते. ते कशाचे हे कळायला 1984 उजाडलं. त्या वर्षी ग्लेनर आणि वाँग यांनी गुठळ्यांमधलं अमायलॉइड बीटा हे प्रथिन ओळखलं. गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे निघाले. पार्किन्सनमधल्या गोळ्यांमध्ये अल्फा-सिन्यूक्लीन हे प्रथिन आहे हे 1997 मध्ये समजलं. प्रथिनं वेगळी, पण गोष्ट ओळखीची: आपल्याच प्रथिनाची घडी बिघडते, सपाट पट्ट्या जुळतात, धागे होतात.

खड्याची कल्पना इथेही लागू पडते का? 2008 मध्ये एक महत्त्वाचा पुरावा आला. पार्किन्सनच्या काही रुग्णांच्या मेंदूत दहापंधरा वर्षांपूर्वी निरोगी, कोवळ्या चेतापेशींचं रोपण केलं होतं. रुग्णांच्या मृत्यूनंतर बघितलं तर त्या नव्या पेशींतही गोळे झालेले. जुन्या पेशींकडून नव्यांना लागण व्हावी, तसं. मेंदूत हे बिघाड ठरावीक वाटेनं एका भागातून दुसऱ्या भागात सरकतात, हेही आता दिसलं आहे.

मग पेशी गप्प का बसते? ती बसत नाही. नवरीबरोबर सासरी पाठराखीण जाते ना, तशी पेशीत पाठराखीण प्रथिनं असतात. नवं प्रथिन घडी घेत असताना त्याला सांभाळणं, भलत्याच कोणाला चिकटू न देणं, हे त्यांचं काम. घडी बिघडलीच तर ते मोडीत काढणारी यंत्रणा वेगळी आहे. पण वय वाढतं तशी ही सगळी व्यवस्था थकते. चेतापेशी तर सहसा बदलल्या जात नाहीत, आयुष्यभर त्याच राहतात. त्यामुळे कचरा साचतो. हे आजार म्हातारपणी का गाठतात, याचं मोठं कारण हे.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण ती घरात उपयोगी पडणारी आहे. अल्झायमर किंवा पार्किन्सन स्पर्शानं, एका ताटात जेवल्यानं, सेवा केल्यानं लागत नाहीत. जुन्या वाढीच्या संप्रेरकातून अमायलॉइडचे खडे काही जणांच्या मेंदूत गेल्याचे पुरावे 2015 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये लंडनहून आले आहेत, पण ती उपचारपद्धत केव्हाच बंद झाली. खडा पेशीकडून पेशीकडे जातो, म्हणून माणसाकडून माणसाकडे जातो असं होत नाही. आजी-आजोबांना जवळ घ्यायला काहीच हरकत नाही.

कोणाला झाला नाही

सुरुवातीच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आपण शेवटासाठी ठेवला होता. प्रथा थांबल्यावरही कुरूचे तुरळक रुग्ण येतच राहिले. 1996 ते 2004 या काळात 11 नवे रुग्ण सापडले. म्हणजे बालपणी शरीरात गेलेला खडा चाळीस, काहींच्या बाबतीत कदाचित पन्नासहून जास्त वर्षं दबा धरून बसला होता.

पण त्याच पंगतीला बसूनही ज्या बायका म्हाताऱ्या झाल्या, त्यांचं काय? लंडनमधले जॉन कॉलिंज यांचा गट आणि पापुआ न्यू गिनीची वैद्यकीय संशोधन संस्था यांनी त्यांचं रक्त तपासलं. प्रियॉन प्रथिनाच्या माळेत 129 व्या जागी माणसामाणसांत फरक असतो. आईकडून आणि वडिलांकडून दोन वेगळी रूपं मिळालेल्या बायका या वाचलेल्यांत फार जास्त निघाल्या. खडा आणि पाक तंतोतंत जुळले नाहीत की वाढ अडखळते. 2009 मध्ये त्याहून मोठी गोष्ट जाहीर झाली. कुरूनं सगळ्यात जास्त पोळलेल्या भागात काही लोकांच्या माळेत 127 व्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं सापडलं, आणि त्यांना कुरू झालेला नव्हता. 2015 मध्ये उंदरांवर बघितलं. या बदलाच्या दोन्ही प्रती असलेले उंदीर, तपासलेल्या एकाही मानवी प्रियॉनानं आजारी पडले नाहीत. बिघडलेल्या घडीला रोखायचं कसं, याचा नमुना निसर्गानं त्या साथीच्या काळातच निवडून पुढे आणला होता.

आता हिशेब मांडू. कुरू संपला, पण औषधानं नाही. तो पसरण्याची वाट बंद झाली म्हणून संपला. प्रियॉनच्या आजारांवर आजही बरं करणारं औषध नाही. अल्झायमरमध्ये अमायलॉइड काढून टाकणारी इंजेक्शनं काही देशांत मिळू लागली आहेत. ती आजार मागे फिरवत नाहीत, त्याचा वेग थोडा कमी करतात. त्या इंजेक्शनांपर्यंतची वाट अनेक ठिकाणांहून आली आहे. त्यातली एक फोरे गावांतून आली. तिथल्या आईवडिलांनी आपल्या मेलेल्या मुलीचा मेंदू परक्या डॉक्टरांच्या हाती दिला. तिथल्या म्हाताऱ्यांनी पहिल्या रुग्णांची नावं आठवून सांगितली. तिथल्या म्हाताऱ्या बायकांनी तपासायला रक्त दिलं. नोबेलच्या यादीत त्यांची नावं नाहीत, आणि ती तिथे येणारही नाहीत. पण यापुढे 'प्रथिनांच्या गुठळ्या' हे शब्द कानावर पडले, की त्यामागे ही गावं आहेत एवढं आपण लक्षात ठेवू या.